ज्यांची नावे लिहायला भिंत पुरली नाही

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

गेल्या वर्षी आमच्या इतिहास विभागाची अभ्याससहल मुंबईला गेली होती. मुंबई पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ. गेटवे, समुद्र, राणीची बाग या सगळ्यांची आम्हा मुलांना घाई झाली होती. पण सरांनी सर्वांना आधी कुलाब्याच्या टोकाला असलेल्या एका चर्चमध्ये नेले. सेंट जॉनचे चर्च हे त्याचे नाव, पण सारी मुंबई त्याला अफगाण चर्च म्हणते. उंच निमुळता मनोरा, रंगीत काचांच्या खिडक्या आणि आत गारवा. मी चपला बाहेर काढून आत गेलो, तेव्हा मागची मुले हसली. देवाच्या ठिकाणी चपला काढतात एवढेच मला ठाऊक होते. असो.

हे चर्च म्हणजे एक युद्धस्मारक आहे. १८४७ साली त्याचा पाया घातला गेला, १८५८ साली ते प्रार्थनेसाठी खुले झाले आणि मनोरा पुरा व्हायला १८६५ साल उजाडले. पहिल्या अफगाण युद्धात व सिंधच्या मोहिमेत जे मेले त्यांच्या स्मरणार्थ ते बांधले. आत एक लेख आहे. सरांनी तो मोठ्याने वाचला आणि मराठीत अर्थ सांगितला. १८३८ ते १८४३ या काळातील मोहिमांत मृत्यू पावलेल्या अधिकाऱ्यांची नावे वेदीजवळच्या भिंतींवर लिहिली आहेत, हे चर्च त्यांच्या स्मरणार्थ आहे. तसेच तलवारीने किंवा रोगाने मेलेले हवालदार, नाईक आणि शिपाई यांच्याही स्मरणार्थ आहे, मात्र त्यांची संख्या इतकी मोठी आहे की त्यांची नावे अशी लिहिता येत नाहीत. असा त्या लेखाचा आशय आहे.

सर पुढे गेले, मुले पुढे गेली. मी मात्र त्या शेवटच्या वाक्यापाशीच घोटाळलो. जास्त माणसे मेली म्हणून त्यांची नावे नाहीत! थोडे मेले असते तर नावे आली असती काय? आणि मला एकाएकी आमच्या गावच्या शाळेची भिंत आठवली.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात. शाळेच्या दर्शनी भिंतीत एक पांढरा दगड बसवलेला आहे आणि त्यावर इंग्रजीत काही कोरले आहे. लहानपणी आम्ही त्या दगडाखाली कोळशाने तीन रेघा ओढून क्रिकेटचे स्टंप काढत असू. दगडाला चेंडू लागला की चौकार. त्यावर काय लिहिले आहे हे आम्ही कधी विचारले नाही, आणि विचारले असते तरी सांगणारा कोणी जवळपास नव्हता. आठवीत इंग्रजी जरा जुळवून वाचता येऊ लागले तेव्हा मी तो लेख वाचला. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धासाठी इतके लोक गेले आणि त्यांपैकी पाच जणांनी आपले प्राण दिले. बस्स, एवढेच. किती गेले तो आकडा आणि किती मेले तो आकडा. असे दगड महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आहेत. आमच्याच जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले.

कुलाब्याच्या चर्चमध्ये उभे राहून मला वाटले, की ते वाक्य आणि आमचा दगड ही एकाच घरातली भावंडे आहेत.

मित्रहो, या लेखात मला सांगायचे आहे ते हेच. मेलेल्या माणसाचे नाव लिहायचे की नुसता आकडा लिहायचा हा प्रश्न दगडाच्या लांबीरुंदीचा नसतो. ज्यांनी दगड बसवला त्यांच्या मनात त्या माणसाला किती जागा होती, याचा तो प्रश्न असतो. आणि ती जागा मागून करून देता येते. फक्त कोणीतरी शोधायला निघाले पाहिजे.

आधी ‘फार’ होते ते कोण, हे पाहू. १८३९ साली इंग्रजांच्या फौजा सिंधमार्गे अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हा त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. आज आपण मराठा लाइट इन्फन्ट्रीची ‘काळी पाचवी’ म्हणून जी पलटण ओळखतो, ती त्या वेळी मुंबईची पाचवी देशी पलटण होती. तिची एक तुकडी १८४० साली बलुचिस्तानातील काहून या डोंगरी ठाण्यात वेढली गेली आणि उन्हाळा-पावसाळा तिथे तग धरून राहिली. तिच्या सुटकेसाठी निघालेली दुसरी तुकडी नफुस्कच्या खिंडीत अडकली आणि ऑगस्टच्या उन्हात पाण्यावाचून माणसे पटापट पडली. या शिपायांत कोकणातले होते, देशावरचे होते. पुढे जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून इंग्रजांचे सैन्य माघारी निघाले. ते मुख्यतः बंगालकडचे. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि त्यांच्याबरोबर सुमारे बारा हजार बाजारबुणगे, म्हणजे उंटवाले, भिस्ती, स्वयंपाकी, घोड्यांचे मोतद्दार, त्यांच्या बायका आणि पोरे. बर्फात आणि गोळ्यांत हा सारा तांडा संपला. १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन जखमी अवस्थेत जलालाबादच्या वेशीशी पोचला. त्याचे नाव जगाला माहीत आहे. त्या बारा हजारांचा तर चर्चच्या लेखात उल्लेखही नाही. शिपायांची निदान ‘संख्या फार’ म्हणून आठवण काढली. भिस्त्यांची तीही नाही.

कोणी म्हणेल, तो जुना काळ होता. साध्या शिपायाचे नाव दगडावर कोरण्याची रीतच नव्हती. हे खरे नाही. कोरेगाव भीमाचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्या कंपनी सरकारनेच तिथे कोरली. त्यांत ‘नाक’ या अक्षरांनी संपणारी अनेक नावे आहेत, आणि त्यावरूनच ते महार शिपाई होते हे आज कोणालाही वाचता येते. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. त्या दगडावर नावांऐवजी नुसता आकडा असता तर तिथे कोणाला आपले पूर्वज सापडले असते काय? नाव असले की शंभर वर्षांनीही वारस येऊन उभा राहतो. आकड्याला वारस नसतो.

आता इंग्लंडकडे वळू, कारण ज्यांनी आमच्या शाळेत दगड बसवला त्यांनी आपल्या गावांत काय केले हे पाहिल्याखेरीज तुलना पुरी होत नाही. १९१४ पूर्वी तिकडच्या गावच्या चर्चमध्येही भिंतींवर बहुधा सरदार-जमीनदारांच्या मुलांचीच नावे असत. पहिल्या महायुद्धाने हे बदलले. त्या युद्धात घरोघरची मुले मेली, आणि प्रेते मायदेशी आणायची नाहीत असा सरकारी निर्णय होता. म्हणजे आईबापांना मुलाची समाधी पाहायची तर समुद्रापार जायला हवे. ते किती जणांना परवडणार? म्हणून गावच्या चर्चमधला फलक हीच गावाची समाधी झाली. लोकांनी वर्गणी काढली, कोणाचे नाव घालायचे यावर सभा झाल्या. इथे जन्मलेला पण शहरात कामाला गेलेला आपला की नाही, यावर वाद झाले. शेवटी जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या शेतावरचा गडी यांची नावे एका फलकावर आली. पुष्कळ ठिकाणी तर हुद्दा न पाहता वर्णानुक्रमाने आली.

सरकारी पातळीवरही हेच तत्त्व ठरले. १९१७ साली युद्धसमाधींसाठी आयोग स्थापन झाला, त्यामागची मुख्य प्रेरणा फेबियन वेअर या गृहस्थांची. १९१८ साली सर फ्रेडरिक केन्यन यांनी आयोगाला अहवाल दिला. त्याचे सार असे, की अधिकारी आणि शिपाई यांत मरणानंतर भेद करायचा नाही आणि ज्याचे थडगे सापडणार नाही त्याचेही नाव कुठेतरी कोरायचे.

आज त्या गावांतली सामान्य माणसे, शिक्षक, पेन्शनर, गृहिणी, आपापल्या चर्चमधील फलकावरचे एकेक नाव घेऊन तो माणूस कोण होता हे शोधत असतात. हे काम कसे चालते हे सरांनी आम्हांला समजावून सांगितले. फलकावर असते नुसते आडनाव आणि नावाचे पहिले अक्षर. मग १९०१ आणि १९११ च्या खानेसुमारीचे कागद पाहायचे. त्यांत बापाचा धंदा, घरातली माणसे, मुलांची वये मिळतात. १९२१ साली सरकारने मृत सैनिकांची यादी ऐंशी भागांत छापली, तीत पलटण आणि मरणाची तारीख मिळते. आयोगाच्या नोंदवहीत समाधीची जागा मिळते. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा आणि लग्न मिळते. सैनिकांची मूळ कागदपत्रे ज्या लंडनच्या गोदामात होती, त्यावर १९४० च्या सप्टेंबरात बाँब पडला आणि निम्म्याहून अधिक कागद जळाले. तरीही लोक जळक्या कडांच्या कागदांतून आपला माणूस जुळवीत बसतात. सहा महिन्यांच्या खटपटीनंतर फलकावरच्या एका ओळीमागे लोहाराचा मुलगा, चर्चमध्ये घंटा वाजवणारा, दोन लहान बहिणींचा भाऊ असा माणूस उभा राहतो.

या शोधांत फुलस्टो नावाच्या एका गावाची हकीकत मला सर्वांत मोलाची वाटते. हे गाव इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यात आहे. तिथला चार्ल्स किरमन हा शिपाई रणांगण सोडून गेला म्हणून सप्टेंबर १९१७ मध्ये त्याच्याच सैन्याने त्याला गोळ्या घातल्या. युद्धानंतर गावात स्मारकाची गोष्ट निघाली, तेव्हा त्याचे नाव त्यावर घालता येणार नाही असे सांगण्यात आले. ज्या घरांतली मुले लढताना मेली होती त्या घरांनी काय म्हणावे? ती म्हणाली, त्याचे नाव नसेल तर आमच्या मुलांचेही नको. आणि खरोखरच त्या गावात स्मारक झाले नाही. ऐंशीहून अधिक वर्षे ते गाव तसेच राहिले. २००५ साली गावकऱ्यांनी फलक लावला तेव्हा त्यावर किरमनचे नाव इतरांबरोबर होते. त्याच्यासारख्या ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने माफी दिली ती त्यानंतर, २००६ साली. सरकारच्या आधी गाव शहाणे झाले होते.

पण ही समतेची गंगा आपल्या दारापर्यंत पोचली नाही. फ्रान्समध्ये नव शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर ४७०० हून अधिक भारतीय शिपाई व कामगारांची नावे कोरलेली आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३,००० हून अधिक नावे आहेत. परंतु ज्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आपली सर्वांत जास्त माणसे गेली, तिथे काय झाले? बसऱ्याला १९२९ साली मोठे स्मारक झाले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. त्यावर इंग्रज शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी हवालदार, नाईक व शिपाई मात्र पलटणीच्या नावापुढे आकड्यात आहेत. कुत येथे डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस वेढ्यात सापडलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपले, घोडे मारून खावे लागले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसे शत्रूच्या हाती पडली आणि पुढे वाळवंटातल्या वाटचालीत व तुर्कांच्या कैदेत त्यांतली कितीतरी मेली. तीच पलटण, तोच वेढा, तेच मरण. पण गोऱ्याचे नाव आणि काळ्याचा आकडा.

हे मी रागाने लिहितो असे कोणाला वाटू नये. त्या आयोगानेच २०२१ साली एक अहवाल प्रसिद्ध करून ही चूक कबूल केली आणि क्षमा मागितली. भारतीय, आफ्रिकी, इजिप्ती वगैरे ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि आणखी निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, लोकांची नावेच कुठे घातली गेली नाहीत, असे तो अहवाल सांगतो. शंभर वर्षांनी का होईना, चूक कबूल करणे ही चांगली गोष्ट आहे. पण क्षमा मागून नाव सापडत नाही. नाव गावातच शोधावे लागते.

म्हणून सहलीहून परत आल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो आणि ते पाच कोण हे विचारत फिरलो. तीन घरे लगेच सापडली. त्यांतल्या एका घरात जुना फोटो होता, दुसऱ्या घरात पेन्शनीचे पुस्तक पेटीत जपून ठेवलेले होते. चौथे घर आमचेच निघाले.

माझे खापरपणजोबा बसऱ्याला गेले आणि आले नाहीत, एवढे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होते. ते पलटणीत नव्हते. त्या काळी आमच्या लोकांना बहुतेक पलटणींचे दार बंद होते. ते लेबर कोअरमध्ये गेले, म्हणजे जहाजातला माल उतरवणे, खडी फोडणे, रेल्वेचे रूळ टाकणे या कामावर. १९१९ च्या अखेरपर्यंत हिंदुस्थानातून सुमारे चौदा लाख माणसे या युद्धासाठी घेतली गेली. त्यांतली साडेपाच लाखांहून अधिक अशी बिनहत्यारी होती. त्यांच्या मरणानंतर घरी एक बिल्ला आला. पलटणीतल्या शिपायांना चांदीचा मिळे, कामगारांना ब्राँझचा. त्या बिल्ल्याच्या कडेवर माणसाचा नंबर, नाव आणि तुकडी ठोकलेली असे.

मी आजीला विचारले, तो बिल्ला कुठे आहे? आजी म्हणाली, “बहात्तरच्या दुष्काळात मोडीत घातला लेकरा. पितळच हुतं ते. दोन दिसाचा मिलो आला त्येचा.”

“आजी, त्याच्या कडेवर नाव होतं.”

“आसंल. काय तरी टोचलेलं हाताला लागायचं. मला कुठं वाचाय येत हुतं?”

आमच्या घरात त्या वेळी वाचता येणारे कोणीच नव्हते. माझे वडील सातवीपर्यंत शिकले आणि कॉलेजची पायरी चढलेला आमच्या घरात मीच पहिला. ज्या बिल्ल्यावर आमच्या माणसाचे नाव होते तो पन्नास वर्षांच्या आसपास आमच्या घरात राहिला आणि एकदाही वाचला गेला नाही. आजीला मी दोष देत नाही. पोरे उपाशी असताना तिने जे केले तेच योग्य होते. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

महाविद्यालयात परत आल्यावर सरांच्या मदतीने ग्रंथालयातल्या संगणकावर आयोगाची यादी पाहिली. आपल्या माणसांची नावे इंग्रज कारकुनांनी कानाला जशी लागली तशी लिहिली आहेत. एकच नाव चार तऱ्हांनी. कुठे बापाचे नाव आणि गाव दिले आहे, कुठे काहीच नाही. खापरपणजोबांच्या नावाचे तीन जण सापडले. तिघांच्याही पुढे गाव नाही. त्यांतला आमचा कोणता हे कशावरून ठरवायचे? बिल्ला असता तर नंबरावरून एका मिनिटात ठरले असते.

इथपर्यंत हा माझ्या घरचा प्रश्न होता. पण याच वर्षी शाळेची भिंत दुरुस्त करायला काढली आणि पंचायतीत असा विचार निघाला की जुन्या दगडाशेजारी नवा दगड बसवून त्यावर मराठीत हुतात्म्यांची नावे कोरावीत. फार चांगला विचार आहे. नावे ठरली ती तीन. मी चौथे नाव सांगायला गेलो, तेव्हा गावातले एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, मला समजुतीच्या सुरात म्हणाले, “अरे पोरा, तुमचा माणूस काही शिपाई नव्हता. हमाल होता. हमालांची नावं कुठं दगडावर लिहितात काय? शिवाय पुरावा काय तुझ्याकडं?”

आबांच्या मनात दुष्टावा नव्हता. माझी फी भरायची राहिली होती तेव्हा पन्नास ठिकाणी शब्द टाकणारे तेच होते. पण त्यांचे बोलणे ऐकताना मला कुलाब्याच्या चर्चमधला तो लेख पुन्हा दिसू लागला. इंग्रजांनी शिपायाला वगळले, शिपायाच्या गावाने हमालाला वगळले. प्रत्येकाच्या खाली वगळायला कोणीतरी आहेच.

मी म्हणालो, “आबा, जुन्या दगडावर आकडा काय आहे?”

“पाच.”

“आणि आपली नावं किती?”

आबा काही बोलले नाहीत. ज्या आकड्यावर मी इतके दिवस चिडलो होतो तोच आकडा माझ्या बाजूने साक्षीला उभा राहिला. इंग्रजांनी नाव लिहिले नाही, पण मोजताना हमालालाही मोजले होते. आपण नावे लिहायला निघालो आणि दोन माणसे मोजणीतूनच गाळली.

या विषयावर बोललो की मित्र दोन आक्षेप घेतात. पहिला असा, की हे लोक इंग्रजांसाठी लढले, पोटासाठी लढले. त्यांना हुतात्मा कशाला म्हणायचे? मला या शब्दाचा आग्रह नाही. माझे खापरपणजोबा साम्राज्यासाठी गेले नाहीत आणि देशासाठीही गेले नाहीत. घरात दाणा नव्हता आणि महिन्याला रोख पगार मिळणार होता म्हणून गेले. ते युद्ध चांगले होते असे मी म्हणत नाही. पण युद्ध वाईट होते म्हणून त्यात मेलेला माणूस विसरायचा, हा न्याय कुठला? उलट त्याला नाव नसेल तर युद्ध किती वाईट होते हेही आपल्याला कधी कळणार नाही. पाच हा आकडा वाचून कोणाच्या पोटात कालवत नाही. तीन वर्षांच्या मुलाला दारात उभे करून गेलेला अमक्याचा मुलगा तमका, असे वाचले की कालवते.

दुसरा आक्षेप असा, की आज गावात प्यायच्या पाण्याचा प्रश्न आहे, मुलांना नोकऱ्या नाहीत, आणि तू शंभर वर्षांपूर्वीचे मुडदे उकरतोस! हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. पण माझा अनुभव असा, की जो गाव मेलेल्या हमालाला मोजत नाही तो जिवंत हमालालाही पाण्याच्या रांगेत शेवटी उभा करतो. हे दोन प्रश्न वाटतात तितके वेगळे नाहीत.

तेव्हा माझ्या वाचकमित्रांना माझी एक विनंती आहे. आपण बहुतेक जण खेड्यांतून आलो आहोत. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा शाळेच्या, चावडीच्या भिंतीत असा एखादा दगड आहे का ते पाहा. असेल तर त्यावरचा आकडा वहीत उतरवून घ्या आणि त्या आकड्याइतकी नावे पुरी होईपर्यंत म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. पेन्शनीचे पुस्तक, मनिऑर्डरीची पावती, बिल्ला, फोटो, जे निघेल ते नोंदवा. मागून घेऊ नका, घरात जपायला सांगा. वेशीच्या आतली घरे झाल्यावर ओढ्यापलीकडच्या वस्त्यांतही जा. इंग्लंडातले पेन्शनर जळक्या कागदांतून जे करतात ते आपल्याला जिवंत माणसांच्या आठवणींतून करता येईल. मात्र ही माणसे फार दिवस राहणार नाहीत. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडण्याबरोबर एक दिवस या कामासाठी ठेवला, तर दहा गावांची नावे एका वर्षात जमतील. प्राचार्यांनी याचा विचार करावा अशी नम्र सूचना आहे.

आमच्या गावचा दगड अजून बसलेला नाही. ग्रामसभेपुढे मी लेखी अर्ज दिला आहे. त्यात दोन मागण्या आहेत. शिपाई आणि हमाल असा भेद न करता नावे वर्णानुक्रमाने घालावीत. आणि पाचवा माणूस अजून सापडलेला नाही, त्याच्यासाठी एक ओळ कोरी सोडावी. कोऱ्या ओळीकडे पाहून कोणीतरी विचारील, हा कोण? आणि कोणाला तरी काहीतरी आठवेल. आबांनी अर्ज वाचून खिशात ठेवला आहे. नाही म्हणाले नाहीत.

माझ्या खापरपणजोबांचे नाव मी या लेखात लिहिलेले नाही, आणि त्या तीन घरांचीही नावे लिहिलेली नाहीत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. ते मी मुद्दाम केले आहे. ती सगळी नावे आधी एका दगडावर एकत्र यावीत, मग कागदावर, असे मला वाटते. फुलस्टोच्या लोकांकडून मी एवढे शिकलो.

आजीला मी हे सगळे समजावून सांगितले. चर्च, इंग्लंड, बसरा यांतले तिला किती कळले कोण जाणे. सगळे ऐकून घेतल्यावर तिने एवढेच विचारले, “दगडावर ल्हिलं म्हंजी तू मला वाचून दावशील न्हवं?”